कोऱ्या सीडीवर लेव्ही आहे, मग आयपॉडवर का नाही? (कॅनडा)

षड्ज_ब्रॅम्प्टन
९ मार्च २०१३

नमस्कार मंडळी. मी ब्रॅम्प्टनला घरीच शनिवार-रविवार गाण्याचा क्लास घेते. शाळेतली मुलं येतात तशा साठीच्या पुढच्या काकूही येतात, आणि काकूंना रियाजाचं सगळं सीडीवरच लागतं कारण गाडीत सीडी प्लेअर आहे आणि तो त्यांच्या हातातला आहे. म्हणून मी माझ्याच आवाजात पलटे, अलंकार, एखादी पारंपरिक बंदिश, मागे तानपुरा असं रेकॉर्ड करते आणि प्रत्येकीला सीडी बर्न करून देते. मुलांना तीच फाईल ईमेल करते, ती आयपॉडवर नाहीतर फोनवर टाकून घेतात.

परवा १०० कोऱ्या सीडींचा डबा आणायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सांगितलं की प्रत्येक सीडीमागे २९ सेंट गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी म्हणून किमतीत धरलेले असतात, यालाच लेव्ही म्हणतात. म्हणजे डब्याला २९ डॉलर! सीडी स्वतः तेवढ्याची नसेल. आवाज माझा, मेहनत माझी, आणि पैसे जातात कुणाला? शिवाय तेच रेकॉर्डिंग मुलांच्या आयपॉडवर गेलं की एक पैसा नाही. मध्यंतरी आयपॉड टॅक्स येणार येणार म्हणून टीव्हीवर बरीच ओरड होती त्याचं पुढे काय झालं? आणि मुख्य म्हणजे हे पैसे आपल्या गाण्यातल्या कुणापर्यंत कधी पोचतात का? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, अर्धवट ऐकलेलं नको.

खमाज
९ मार्च २०१३

ताई, चांगला विषय काढलात. जरा लांबण लागेल पण सगळं सांगतो.

पहिली गोष्ट, हा सरकारी टॅक्स नाही, सरकारच्या तिजोरीत यातलं काही जात नाही. इथल्या कॉपीराइट कायद्यात १९९७ च्या दुरुस्तीने आठवा भाग घातला गेला. त्याआधी घरी बसून रेकॉर्डवरनं कॅसेट भरणं कायद्याने चूक होतं आणि घरोघरी सगळे तेच करत होते, कुणाच्या दिवाणखान्यात जाऊन कोण पकडणार? तेव्हा तोडगा असा निघाला की माणसाने स्वतःच्या ऐकण्यासाठी गाण्याची कॉपी केली तर तो भंग धरायचा नाही, आणि त्याची भरपाई म्हणून कोऱ्या कॅसेट, कोऱ्या सीडी यांच्यावर ठरावीक रक्कम लावायची. ती भरतो माल बनवणारा नाहीतर इम्पोर्ट करणारा, आपल्याला ती किमतीत मिसळून येते. दर कॉपीराइट बोर्ड ठरवतं आणि गोळा करणारी संस्था म्हणजे सीपीसीसी, कॅनेडियन प्रायव्हेट कॉपीइंग कलेक्टिव्ह. तुमच्या डब्यावरचे पैसे डबा दुकानात यायच्या आधीच भरलेले असतात, त्यावर पुढे कोण काय बर्न करणार हे कुणी विचारतच नाही, त्यामुळे तुमचे पलटे आणि कुणी लायब्ररीतून आणून कॉपी केलेला अल्बम दोन्हीला भाव एकच. हा अन्याय आहेच, मी त्याची बाजू घेणार नाही.

आता आयपॉड. डिसेंबर २००३ मध्ये बोर्डाने खरोखरच प्लेअरवर लेव्ही लावली होती. आतली मेमरी १ जीबीपर्यंत असेल तर २ डॉलर, १ ते १० जीबी असेल तर १५, त्याच्या वर २५. बरोबर वर्षभर चालली. डिसेंबर २००४ मध्ये फेडरल कोर्ट ऑफ अपीलने ती रद्द केली. कोर्टाचं म्हणणं असं की संसदेने बोर्डाला अधिकार दिलाय तो रेकॉर्डिंगच्या माध्यमावर, म्हणजे कॅसेट, सीडी असल्या वस्तूवर. प्लेअर हे उपकरण आहे, मेमरी त्याच्या पोटात कायमची बसवली की ती वेगळी विकली जात नाही, आणि उपकरणावर पैसे लावायचे असतील तर संसदेने कायदा बदलावा, बोर्डाने स्वतःहून ताणू नये. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायलाच नकार दिला. ज्यांनी त्या वर्षात आयपॉड घेतले होते त्यांना पैसे परत मागायची सोयही झाली होती.

कलेक्टिव्हने पुन्हा प्रयत्न केला. २००७ मध्ये ३० जीबीच्या वरच्या प्लेअरला ७५ डॉलर मागितले, माझ्या मते तिथेच त्यांनी लोकांची सहानुभूती घालवली. जानेवारी २००८ मध्ये कोर्टाने तेही उडवलं. मग मार्च २०१० मध्ये एनडीपी पक्षाचे खासदार चार्ली अँगस, जे स्वतः बँडमध्ये वाजवणारे, त्यांनी कायदाच बदलायचं विधेयक आणलं. तुम्ही टीव्हीवर जी ओरड ऐकलीत ती याच वेळची. मंत्री जेम्स मूर यांनी त्याला आयपॉड टॅक्स म्हणत तेच जुने ७५ डॉलर लोकांपुढे नाचवले, आणि विषय संपला. गेल्या ऑक्टोबरमध्ये तर मायक्रोएसडी कार्डावर ५० सेंट ते ३ डॉलर मागितले होते तेही सरकारने थेट नियम काढून बंद केलं.

तर आज उरलीये फक्त सीडी. आणि सीडी घेतंय कोण? तुमच्या काकूंसारखी माणसं.

राइनकाठ
१० मार्च २०१३

मी कलोनजवळ राहतो. हा सगळा प्रकार जन्माला आला तो जर्मनीत, म्हणून थोडी भर घालतो.

पन्नाशीच्या दशकात इथे घरोघरी टेपरेकॉर्डर यायला लागले. गेमा म्हणून संगीतकारांची संस्था आहे, तिने कोर्टात जाऊन घरगुती रेकॉर्डिंगलाही संगीतकाराची परवानगी लागते असा निकाल मिळवला. पण अंमल कसा करणार? गेमाने मागणी केली की टेपरेकॉर्डर विकताना दुकानदाराने गिऱ्हाईकाचं ओळखपत्र बघून नाव आम्हाला कळवावं. १९६४ मध्ये सर्वोच्च दिवाणी कोर्टाने सांगितलं की हे चालणार नाही, माणसाच्या घराच्या चार भिंतींत डोकावायचा हक्क तुम्हाला नाही, पैसे घ्यायचेत तर मशीन बनवणाऱ्याकडून घ्या. १९६५ च्या कायद्यात तेच आलं, १९६६ पासून टेपरेकॉर्डरवर आणि १९८५ च्या दुरुस्तीने कोऱ्या कॅसेटवरसुद्धा.

मला हा मूळ विचार आजही पटतो. कोण काय ऐकतो हे न विचारता पैसे देणं, हे प्रत्येकाच्या मागे लागून खटले भरण्यापेक्षा कितीतरी सभ्य आहे. कॅनडाच्या कायद्याने उपकरण बाहेर ठेवलं, इथे सुरुवातच उपकरणापासून झाली, त्यामुळे एमपी३ प्लेअर आले तेव्हा असला वाद झाला नाही. वाद आहे तो दरांचा. गेल्या वर्षी यूएसबी स्टिकवर १० सेंट होते ते ४ जीबीच्या वरच्या स्टिकला एकदम १ युरो ५६ सेंट करायला निघाले, त्यावर कंपन्या आणि संस्था यांची भांडणं चालू आहेत. स्पेनमध्ये तर एमपी३ प्लेअरवर ३ युरो १५ सेंट होते. तिथल्या पदवान नावाच्या दुकानाने नकार दिला, प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टात गेलं आणि ऑक्टोबर २०१० मध्ये निकाल आला की ऑफिसच्या, धंद्याच्या कामासाठी घेतलेल्या मालावर सरसकट पैसे लावता येणार नाहीत. षड्जताई, तुमचं दुखणं हेच आहे. तुम्ही शिकवण्यासाठी सीडी घेता, दुसऱ्याचं गाणं उतरवायला नाही.

कट्टा_न्यूजर्सी
१० मार्च २०१३

अमेरिकेत असं काही नाही असं बरेच लोक म्हणतात पण ते अर्धंच खरं आहे. इथे १९९२ चा कायदा आहे, डिजिटल ऑडिओ रेकॉर्डरच्या किमतीवर २ टक्के आणि कोऱ्या डिजिटल टेप, डिस्कवर ३ टक्के. म्हणून दुकानात म्युझिक सीडी-आर वेगळी आणि महाग असायची आणि साधी डेटा सीडी-आर स्वस्त, लोक अर्थातच साधी घ्यायचे. १९९८ मध्ये रिओ नावाचा ३२ एमबीचा प्लेअर आला, तासभराची गाणी जेमतेम मावायची त्यात. रेकॉर्ड कंपन्या कोर्टात गेल्या. १९९९ मध्ये नाइन्थ सर्किट या अपील कोर्टाने निकाल दिला की रिओ गाणी घेतो कंप्युटरच्या हार्ड ड्राइव्हवरून, आणि हार्ड ड्राइव्हवर गाण्यांखेरीज हजार गोष्टी असतात, तेव्हा रिओ या कायद्याखाली येतच नाही. दोन वर्षांनी आयपॉड आला तो या निकालामुळे मोकळा रस्ता मिळून आला. एकच अपवाद, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने झून नावाचा प्लेअर काढला तेव्हा युनिव्हर्सल म्युझिकला प्रत्येक प्लेअरमागे एक डॉलरच्या वर द्यायचं कबूल केलं, तेही कायद्याने नव्हे तर आपसात करार करून.

हिशोबी
१० मार्च २०१३

मी वरच्या मंडळींशी सहमत नाही. मी टोरांटोत छोटं फोटोचं दुकान चालवतो, लग्नाचे फोटो गिऱ्हाईकाला सीडीवर देतो. त्या सीडीत गाणं नाही, आवाज नाही, काहीच नाही, तरी मी २९ सेंट भरतोय आणि भरत आलोय. राइनकाठ म्हणतात मूळ विचार सभ्य आहे, मान्य, पण सभ्यपणाचे पैसे माझ्याकडून का? शिवाय आता माणूस गाणं आयट्यून्सवर ९९ सेंटला विकत घेतो, तिथे कलाकाराचा वाटा गेलेला असतो, मग तेच गाणं प्लेअरवर टाकलं म्हणून परत लेव्ही हे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे झाले. उद्या प्लेअरवर लावलीत तर परवा फोनवर लावाल आणि फोनमध्ये माझ्या मुलीचे फोटो आहेत. कलाकाराला पैसे मिळायलाच हवेत पण ज्याने ऐकलं त्याने द्यावेत.

षड्ज_ब्रॅम्प्टन
११ मार्च २०१३

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. हिशोबीभाऊ, तुमची तळमळ कळतेय, माझीही तीच आहे. पण खमाजदादा, तुमच्या लिहिण्यावरून एक शंका आली. लेव्हीच्या बदल्यात कॉपी करायची मुभा होती म्हणता, मग आयपॉडवर लेव्ही नाही म्हटल्यावर आयपॉडवरची मुभा पण गेली का? माझी मुलं माझ्याकडच्या विकतच्या सीडी नेतात आणि घरी कॉपी करून परत आणून देतात, मी कधी नाही म्हटलं नाही.

खमाज
११ मार्च २०१३

ताई, नेमकी हीच गोष्ट कुणी बोलत नाही. हो, २००४ च्या निकालाने तसंच झालं. मुभा होती ती माध्यमावर कॉपी करण्याची, आणि प्लेअर माध्यम नाही म्हटल्यावर त्या मुभेत तो येत नाही. लोकांना वाटलं २५ डॉलर वाचले, पण त्याच दिवसापासून स्वतः विकत घेतलेली सीडी स्वतःच्या आयपॉडवर टाकणंसुद्धा कागदावर बेकायदेशीर झालं, आणि असं आठ वर्षं राहिलं. कुणाला नोटीस आली नाही हे खरं, पण देशातल्या लाखो लोकांना कायद्याबाहेर उभं करून ठेवायचं आणि आम्ही तुमचा टॅक्स वाचवला म्हणून मतं मागायची, याचा मला अजून संताप येतो. गाणाऱ्यालाही काही मिळालं नाही आणि ऐकणाऱ्यालाही हक्क मिळाला नाही.

गेल्या नोव्हेंबरपासून नवीन कायदा लागू झालाय. त्यात कलम २९.२२ प्रमाणे तुमच्या मालकीची सीडी असेल तर तुमच्या स्वतःच्या ऐकण्यासाठी ती आयपॉडवर, फोनवर टाकता येते. अटी आहेत. मूळ सीडी उसनी किंवा भाड्याची नको, कंपनीने घातलेलं कुलूप तोडायचं नाही, कॉपी दुसऱ्याला द्यायची नाही, आणि मूळ सीडी विकलीत किंवा कुणाला देऊन टाकलीत तर त्याआधी स्वतःकडच्या सगळ्या कॉपी पुसायच्या. सीडी दान करणारे हे शेवटचं हमखास विसरतात.

आता तुमच्या मुलांचं. त्यांनी तुमची सीडी उसनी नेली आणि स्वतः कोऱ्या सीडीवर स्वतःसाठी कॉपी केली तर ती जुन्या आठव्या भागाखाली चालते, कारण तिथे मूळ सीडी कुणाची याला महत्त्व नाही, कॉपी करणारा आणि ऐकणारा एकच असला की झालं. तीच सीडी तुम्ही कॉपी करून त्यांच्या हातात दिलीत तर चालत नाही. आणि उसन्या सीडीवरून थेट आयपॉडवर टाकली तर नवीन कलमात बसत नाही. म्हणजे ज्या २९ सेंटवर तुम्ही चिडलात त्यांनीच हा उसन्या सीडीचा हक्क मिळालाय. हिशोबी, तुमच्या फोटोंच्या सीडीचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, धंद्याच्या मालाला यातून सूट असायलाच हवी, स्पेनच्या केसमध्ये तोच मुद्दा होता. पण ज्याने ऐकलं त्याने द्यावेत म्हटलं की कोण काय ऐकतो याची नोंद ठेवणं आलं, आणि ते मला नको.

वकिली_पेठ
१२ मार्च २०१३

पुण्याहून लिहिते. भारतात लेव्हीही नाही आणि तशी संस्थाही नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी रास्त वापराची सवलत आधीपासून आहे, पण ती साहित्य, नाट्य, संगीतरचना, चित्र वगैरेंना होती, ध्वनिमुद्रणाचा त्यात उल्लेख नव्हता. म्हणजे कॅसेटच्या सगळ्या काळात, पेठेत दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि दुकानदार ९० मिनिटांची कॅसेट भरून द्यायचा त्या काळात, घरी स्वतःसाठी भरलेल्या कॅसेटलाही स्पष्ट आधार नव्हता. गेल्या वर्षी, जून २०१२ पासून, दुरुस्तीने तिथे कुठलीही कृती असा शब्दप्रयोग आला, फक्त कंप्युटर प्रोग्रॅम वगळून. त्यामुळे आता स्वतःची सीडी स्वतःच्या प्लेअरवर टाकायला हरकत नाही असं म्हणता येतं, आणि बदल्यात कुणाला काही द्यावं लागत नाही.

पण त्याच दुरुस्तीतली जास्त मोठी गोष्ट वेगळी आहे. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला निम्मा वाटा आता कंपनीला करारात लिहून घेता येत नाही, लिहून घेतला तरी तो करार त्यापुरता रद्द. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत यासाठी जोर लावला होता. आपल्याकडे चालींचे एकदाच काही रुपये हातावर ठेवून जन्मभराचे हक्क घेतले गेलेत, लेव्ही असती तरी ती कंपनीच्याच खात्यात गेली असती. म्हणून मला वाटतं आपल्याकडे हे आधी होणं योग्यच झालं.

षड्ज_ब्रॅम्प्टन
१३ मार्च २०१३

वकिलीताई, हे वाचून बरं वाटलं. आता माझा शेवटचा प्रश्न, जो मी सुरुवातीलाच विचारला होता आणि राहून गेला. हे पैसे वाटतात कसे? मी मागच्या वर्षी स्वतःच्या खर्चाने अभंगांची सीडी काढली, शब्द तुकोबांचे, चाली माझ्या, गायले मी, तबल्याला इथलेच एक दादा. मी पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी आहे. मला यातलं काही मिळू शकतं का, की हे फक्त मोठ्या लेबलवाल्यांसाठी?

खमाज
१३ मार्च २०१३

मिळू शकतं आणि तुम्ही मागायलाच हवं. गोळा झालेल्या पैशांतले साधारण ५८ टक्के संगीतकार, गीतकार आणि त्यांचे प्रकाशक यांना, २४ टक्के गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना, १८ टक्के रेकॉर्डिंग बनवणाऱ्याला. म्हणजे २९ सेंटमधले साधारण १७, ७ आणि ५, त्यातून संस्थेचा खर्च वजा. संगीतकार कुठल्या देशाचा आहे ते बघत नाहीत, म्हणजे मुंबईतल्या संगीतकाराचाही हक्क आहे. पण गायक, वादक आणि रेकॉर्डिंग बनवणारा मात्र कॅनडाचा नागरिक किंवा पीआर हवा. कितीही मोठा गायक असो, भारतात राहणारा असेल तर त्याला यातलं काही नाही. तुम्ही इथे चाल, गळा आणि निर्मिती तिन्हीकडून बसता.

अडचण अशी की वाटप होतं ते रेडिओवर काय वाजलं आणि काय विकलं गेलं याच्या नमुन्यावरून. रविवारी सकाळच्या मराठी कार्यक्रमात वाजलेला अभंग त्या नमुन्यात सापडणं कठीण आहे, म्हणून रकमेची फार आशा धरू नका. पण नोंदच नसेल तर सापडला तरी पैसे कुणाला द्यायचे ते त्यांना कळणार नाही. तेव्हा या संस्थांकडे नोंद करा: चालींसाठी सीएमआरआरए, निर्माती म्हणून रिसाउंड, आणि गायिका म्हणून एमआरओसी किंवा ॲक्ट्रा रॅक्स. सीडीतल्या प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, घेतलाय का ते बघा, नसेल तर आधी तो घ्या. आणि तबल्याच्या दादांनाही सांगा, साथीदारही कायद्याने कलाकारच आहे आणि त्यांची नोंद त्यांनी स्वतंत्र करायची असते, तुमच्यात ती येत नाही.

षड्ज_ब्रॅम्प्टन
१४ मार्च २०१३

दादांना फोन केला, ते म्हणाले इतकी वर्षं इथे वाजवतोय पण हे कुणी सांगितलंच नाही. शनिवारी क्लास संपल्यावर दोघं मिळून फॉर्म भरणार आहोत. एमआरओसी आणि ॲक्ट्रा दोन्हीकडे भरायचा का?

खमाज
१४ मार्च २०१३

नाही, दोन्हीपैकी एकीकडेच. आणि सीडीच्या कव्हरवर वादकांची नावं छापलेली असतील तर त्या पानाचा फोटो सोबत जोडा.